भाषा येते, पण शिकवता येते का?

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतली अनेक कॉलेजं दरवर्षी इतर देशांतल्या तरुण शिक्षकांना बोलावून घेतात आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांची भाषा शिकवण्यासाठी त्यांची मदत घेतात. या भाषा-सहायकांविषयी मागच्या अंकात एक छोटं टिपण आलं होतं. त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, कारवार आणि पार भालकीहूनही पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत.

मी बी.ए., बी.एड. आहे, विषय इंग्रजी. ही नेमकी नोकरी आहे, शिष्यवृत्ती आहे की शिक्षण? अर्ज कुठे करायचा?
— एक शिक्षिका, खानापूर

तिन्ही थोडं थोडं आहे, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. सर्वांत मोठी योजना ‘फुलब्राइट फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट’, म्हणजे एफएलटीए. फुलब्राइट योजना अमेरिकेत १९४६ मध्ये सुरू झाली. भारताबरोबरचा करार २ फेब्रुवारी १९५० चा आहे. आपल्याकडे ती ‘युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन’ (यूएसआयईएफ) पाहते आणि अर्ज त्यांच्याच मार्फत जातो. बेळगावात कुणी एजंट ‘फुलब्राइट करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्या दारातूनच परत या. या अर्जाला एजंट लागत नाही.

मुदत साधारण नऊ महिन्यांची, म्हणजे ऑगस्टपासून पुढच्या मे महिन्यापर्यंतचं एक शैक्षणिक वर्ष. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास भाषा शिकवण्याचं किंवा शिकवण्यात मदत करण्याचं काम असतं. त्याशिवाय प्रत्येक सत्रात स्वतः विद्यार्थी म्हणून किमान दोन कोर्स घ्यावे लागतात. त्यांतला एक अमेरिकेचा समाज-इतिहास किंवा इंग्रजी अध्यापन याच्याशी संबंधित हवा. शेवटी पदवी मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ‘अमेरिकेत शिकून आली आणि डिग्री कुठाय?’ हा प्रश्न नंतर चुकत नाही.

अर्जाच्या वेळी वय २१ ते २९, किमान पदवी, इंग्रजीचे शिक्षक असणं किंवा त्याचं प्रशिक्षण घेत असणं आणि इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण, ही मुख्य चौकट. कोणत्या भारतीय भाषांसाठी जागा आहेत ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहायचं, कारण यादी बदलते. हिंदी आणि उर्दूला मागणी जास्त असते. मराठी फार थोड्या विद्यापीठांत शिकवली जाते. पेनसिल्व्हेनिया आणि शिकागो ही त्यातली जुनी नावं. म्हणून मराठी हीच तुमची एकमेव भाषा धरून बसू नका. जाण्याच्या जवळपास वर्षभर आधी अर्ज करावा लागतो, तेव्हा पुढच्या वर्षाचा विचार आज सुरू करा.

मला मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी कोंकणी येते. सगळे म्हणतात, ‘चार भाषा येतात, तुला कोण नाही म्हणणार!’ हे खरं का?
— एम.ए. झालेला विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

अर्धं खरं आहे. या उत्तरावर जरा वेळ घालवतो, कारण सीमाभागातल्या उमेदवाराचं बळ आणि त्याची अडचण दोन्ही इथेच आहेत.

आपण बाजारात एका वाक्यात तीन भाषा बोलतो. समोरच्याला कळतं, काम होतं. वर्गात मात्र विद्यार्थी विचारतो, ‘हे असं का?’ आणि तिथे ‘आमच्यात असंच म्हणतात’ हे उत्तर चालत नाही. मुलाखतीतही तुम्ही किती भाषा बोलता यापेक्षा एक भाषा तुम्ही किती समजून बोलता, हे पाहिलं जातं.

हिंदीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांना तीच शिकवावी लागेल. इथल्या हिंदीवर मराठीची आणि दख्खनी उर्दूची छाया आहे. ‘मैंने खाना खाया’ ऐवजी ‘मैं खाना खाया’ सहज तोंडी येतं. दख्खनीत ‘ने’ गळतो, आणि मराठीतही ‘मी जेवण केलं’ मध्ये ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. दुसरं, लिंग. मराठीत ‘आवाज’ आणि ‘आत्मा’ पुल्लिंगी, हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी. ‘मजा’ मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. मराठीतलं नपुंसक ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होतं. तिसरं, सारखे दिसणारे शब्द. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. विद्यार्थ्याने ‘मेरी शिक्षा अमेरिका में हुई’ म्हटलं की मराठी कान आधी दचकतो. एक वही करा आणि सहा महिने अशा जागा टिपत राहा. शंभर नोंदी झाल्या की शिकवण्याचा निम्मा अभ्यास झालाच.

उच्चारात मराठीचा ‘चहा’मधला च आणि ‘चमचा’तला च वेगळे, तसंच ‘जर’ आणि ‘जन्म’ यांतला ज. हिंदीत च एकच. आपण नकळत मराठी च हिंदीत नेतो आणि विद्यार्थी तेच उचलतो.

आता बळाकडे. कन्नडमुळे तुम्हाला एक गोष्ट आतून कळते, जी पुण्याच्या उमेदवाराला शिकावी लागेल. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यातला भेद मराठीत आहे, म्हणजे ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून. कन्नडमध्ये दोन्हींना ‘नावु’, हिंदीत ‘हम’, इंग्रजीत ‘वुई’. कन्नड घरातून आलेल्या मित्राला मराठी शिकताना कुठे अडलं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. अमेरिकन विद्यार्थी अगदी तिथेच अडतो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना नपुंसकलिंग, माणसांना स्त्री-पुरुष भेद, असा सरळ हिशेब आहे. मराठीत भिंत स्त्रीलिंगी, दरवाजा पुल्लिंगी, घर नपुंसक. ही अडचण बाहेरून पाहण्याची सवय सीमाभागात आपोआप लागते. अर्जातल्या निबंधात ‘मला चार भाषा येतात’ एवढंच लिहू नका. या भाषांच्या सीमेवर राहून तुम्हाला काय दिसलं, ते दोन नेमक्या उदाहरणांनी लिहा.

एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे. बेळगावी मराठीची लाज धरू नका. ‘ये की’, ‘बस की’ ही मराठीच आहे, आणि इथल्या अनेक बायका ‘मी जातो’ म्हणतात तेही चूक नाही, ती बोली आहे. फक्त वर्गात प्रमाण रूप आधी द्या, बोली नंतर आणि नाव देऊन: ‘आमच्या भागात असंही म्हणतात.’ विद्यार्थ्याला दोन्ही मिळतात आणि गोंधळ होत नाही.

वर्गात प्रत्यक्ष काय करायचं असतं? आमच्याकडे पन्नास-साठ मुलांना फळ्यावर शिकवायची सवय.
— इंग्रजी शिक्षक, निपाणी

भारतीय भाषांचे वर्ग लहान असतात. तास बहुधा ५० मिनिटांचा. मुख्य कोर्स प्राध्यापक घेत असतील तर तुमच्याकडे संभाषणाचे तास, शिकवण्या, जेवणाच्या वेळी भाषेचं टेबल (जिथे सगळे त्याच भाषेत बोलतात) आणि अधूनमधून एखादा कार्यक्रम येतो. छोट्या कॉलेजात मात्र पूर्ण कोर्सही हाती येऊ शकतो.

तिथल्या भाषाशिक्षकांची संघटना एसीटीएफएल. वर्गातलं सुमारे ९० टक्के बोलणं शिकवायच्या भाषेतच असावं, अशी तिची शिफारस आहे. आपल्याला वाटतं, आधी इंग्रजीत अर्थ सांगू, मग वाक्य. तिथे उलटं चालतं: वस्तू दाखवा, हावभाव करा, दोन पर्याय द्या. ‘यह चाय है या पानी?’ एवढ्यावर पाच मिनिटं संवाद होतो.

५० मिनिटांची एक चालणारी मांडणी अशी. पहिली ५ मिनिटं कालच्या शब्दांची उजळणी, तोंडी. पुढची १० मिनिटं नवीन गोष्ट, सहा ते आठ शब्दांपेक्षा जास्त नाही. मग २० मिनिटं जोड्यांमध्ये काम: एकाकडे अर्धी माहिती, दुसऱ्याकडे उरलेली, विचारल्याशिवाय कोडं सुटत नाही. बसचं वेळापत्रक यासाठी फार चांगलं. बेळगाव ते कोल्हापूर बस किती वाजता सुटते, तिकीट किती, संकेश्वरला थांबते का? शेवटची १० मिनिटं दोन जोड्यांचं सादरीकरण आणि राहिलेली ५ मिनिटं शंकांना. जोडीकामाची २० मिनिटं कापून स्वतःचं बोलणं वाढवणं ही नवीन सहायकाची नेहमीची चूक. तास छान झाला असं त्याला वाटतं आणि विद्यार्थी मात्र एक वाक्यही न बोलता बाहेर पडतो.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक चूक पकडणं. विद्यार्थी म्हणाला, ‘मेरा बहन डॉक्टर है’, तर थांबवून लिंगाचा नियम सांगू नका. ‘अच्छा, आपकी बहन डॉक्टर है! कहाँ?’ असं योग्य रूप परत त्याच्या कानावर घाला आणि पुढे जा. तीच चूक तीन विद्यार्थ्यांनी केली तर मात्र शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर घ्या.

अमेरिकन जिभेला ख-क, थ-त वेगळे करायला जड जातं, त्याचं कारण समजून घ्या. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेच्या झोतासह येतात, त्यामुळे आपला साधा ‘प’ त्यांना ‘ब’सारखा ऐकू येतो. पण ‘स’नंतरचा प, जसा ‘स्पून’मधला, बिनझोताचा असतो. तो त्यांच्या तोंडात आधीपासूनच आहे. ‘स्पून’ म्हणायला लावा, मग स गिळून उरलेलं म्हणायला सांगा. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा: ‘फल’ म्हणताना हलली पाहिजे, ‘पल’ म्हणताना नाही. त-ट साठी जीभ कुठे आहे ते सांगावंच लागतं. त्यांचा ट हिरडीवर, आपला त दातांवर आणि आपला ट त्याहून मागे. नुसतं ‘ऐका आणि म्हणा’ने हे सुटत नाही.

देवनागरी शिकवताना बाराखडीने सुरुवात करू नका. म, न, क, ल आणि आकार एवढ्यात पहिल्याच दिवशी ‘नाम’, ‘काम’, ‘कल’, ‘मकान’, ‘कमल’ वाचता येतं. वाचता आलं की हुरूप येतो. जोडाक्षरं तिसऱ्या आठवड्याआधी काढू नका.

वर्गात मराठी किंवा गुजराती घरची मुलंही असतील. त्यांना ऐकून कळतं, वाचता येत नाही, आणि बोलताना लाज वाटते. त्यांना नवशिक्यांबरोबर बसवलं तर दोघंही कंटाळतात. त्यांना वाचन-लेखनाचं वेगळं काम द्या.

नियमांचं एक भान ठेवा. विद्यार्थ्यांचे गुण आणि नोंदी १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने गोपनीय आहेत. गुणपत्रक फळ्यावर लावणं, आई-वडिलांना फोनवर गुण सांगणं किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर निकाल टाकणं तिथे चालत नाही. विद्यार्थ्याने छळाबद्दल काही सांगितलं, तर ते ‘टायटल नाइन’च्या (लिंगभेद आणि लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या) कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर असू शकते. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरला विचारून घ्या. आणि ज्याला शिकवता त्याच्याशी शिक्षक-विद्यार्थी नात्यापलीकडे जाऊ नका. बहुतेक कॉलेजांत ते थेट नियमबाह्य आहे.

माझ्या कागदपत्रांवर नाव तीन प्रकारे आहे. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर एक, आधारवर दुसरं, पदवीवर तिसरं. व्हिसाला अडचण येईल का?
— पदवीधर, हुक्केरी

येईल, आणि ही अडचण आपल्या भागात घरटी सापडते. एका कागदावर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर आधी, तिसऱ्यावर फक्त इनिशियल. शिवाय कर्नाटकात त हा वर्ण इंग्रजीत ‘टी-एच’ने लिहायची पद्धत असल्याने एका कागदावर ज्योती आणि दुसऱ्यावर ज्योथी, एका कागदावर लता आणि दुसऱ्यावर लथा असं होतं.

अमेरिकेच्या दृष्टीने प्रमाण एकच: पासपोर्ट. कार्यक्रमाच्या प्रायोजक संस्थेकडून येणारा डीएस-२०१९ हा जे-१ या देवाणघेवाण-व्हिसाचा फॉर्म आणि डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, दोन्हीवर पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर हवं. म्हणून आधी पासपोर्ट नीट करा. त्यात ‘दिलेलं नाव’ आणि ‘आडनाव’ हे दोन्ही रकाने भरलेले असू द्या. सगळं नाव एकाच रकान्यात गेलं तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. मग बँक, विमा, कॉलेजचा ईमेल, सगळीकडे तुम्ही ‘एफएनयू’च होता. ते निस्तरण्यात महिने जातात.

मार्क्स कार्डातली चूक बोर्डाकडून दुरुस्त करून घेणं उत्तम. वेळ नसेल तर नोटरीचं ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र विद्यापीठाच्या नोंदींसाठी उपयोगी पडतं, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. जन्मगावाचं काहींना भय वाटतं: जुन्या कागदांवर इंग्रजी काळचं नाव, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. नाव बदलल्याचं सर्वज्ञात आहे. पासपोर्टवर आहे तेच लिहा.

कर्नाटकातले म्हणून चेन्नईलाच जावं लागतं असं नाही. भारतातल्या कोणत्याही अमेरिकन व्हिसा केंद्रात वेळ घेता येते. बेळगावकरांना मुंबई सोयीची. बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या जागी असतात, तेव्हा किमान दोन दिवसांची तयारी ठेवा. जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली खाती विचारतात. एखादं जुनं खातं विसरलं म्हणून गाळू नका. आठवून लिहा.

मुलगी एकटी जाणार. राहणं, जेवण, आजारपण यांचं काय? सुट्टीत ती कुठे राहील?
— एक आई, भालकी

सुट्टीचं तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण अर्जदार हे विचारतच नाहीत.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. तेव्हा आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत अनेक कॉलेजांत वसतिगृह आणि मेस बंद होतात. गाव छोटं असेल तर बसही नसते. म्हणून निवडीचं पत्र आलं की पहिल्याच ईमेलमध्ये तीन प्रश्न पाठवायला सांगा. सुट्टीत खोली उघडी राहील का? मेस बंद असताना जेवणाचा खर्च कोण देईल? खोलीजवळ स्वयंपाकघर आहे का? उत्तर लेखी ईमेलवर घ्या.

स्वयंपाकाचं एक सांगतो: वसतिगृहात धुराचे अलार्म फार संवेदनशील असतात. हिंग-मोहरीच्या फोडणीने किंवा उदबत्तीने अख्खी इमारत रात्री रस्त्यावर येऊ शकते. उघड्या ज्योतीला बहुधा बंदीच असते. देवापुढे विजेचा दिवा लावा आणि फोडणी स्वयंपाकघरात, वरचा पंखा लावूनच.

विमा सक्तीचा. जे-१ साठी प्रत्येक आजार-अपघातामागे किमान १ लाख डॉलर, उपचारासाठी हलवण्याला ५० हजार, मृत्यू झाल्यास देह परत आणण्यासाठी २५ हजार डॉलर आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही, असे नियम आहेत. सरकारी योजनेत विमा मिळतो, पण दात आणि चष्मा बहुधा त्यात नसतात. निघण्याआधी दातांची सगळी कामं उरकून घ्या आणि चष्म्याची दुसरी जोडी घ्या. नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह, मूळ पाकिटातच न्यावीत.

लसींचं चार महिने आधी पाहा. कॉलेज गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआरचे दोन डोस मागतं, दोन्हींमध्ये किमान २८ दिवस. तिच्या वयाच्या बऱ्याच मुलांना सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात फक्त गोवराची लस मिळालेली असते, ती पुरत नाही. क्षयरोगाची त्वचेची चाचणी आपल्याकडे बीसीजी दिल्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग विनाकारण एक्स-रे आणि औषधांची चर्चा सुरू होते. ‘रक्ताची आयजीआरए चाचणी करा’ असं सांगता येतं. बीसीजीचा त्यावर परिणाम होत नाही.

पहिला स्टायपेंड हाती यायला वेळ लागतो, कारण बँक खातं आणि नोंदणी व्हायची असते. पाचशे-सहाशे डॉलर जवळ असू द्या. सामानातलं खाण्याचं जे असेल ते विमानतळावर जाहीर करावं. दंड लपवल्याचा होतो. कुंदा मात्र घरीच खाऊन निघालेलं बरं, दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत.

आमची सून अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात भाषा विभागात शिकवते. त्यांना पहिल्यांदाच हिंदीसाठी सहायक बोलवायचा आहे. यजमानांनी काय तयारी ठेवावी? इथून आपल्याला काही सांगता येईल का?
— निवृत्त दांपत्य, टिळकवाडी, बेळगाव

नक्की सांगता येईल, आणि हे पत्र तिला जसंच्या तसं पाठवा. सहायकाचं वर्ष चांगलं जातं की वाया जातं, हे बहुतेक यजमानांच्या तयारीवर ठरतं.

फुलब्राइटच्या वाटेने बोलवायचं असेल तर कॉलेजला ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’कडे (आयआयई) आदल्या वर्षी मागणी नोंदवावी लागते. साधारणपणे राहणं, जेवण आणि दोन कोर्सची फी-माफी कॉलेजकडे, तर प्रवास, विमा आणि स्टायपेंड सरकारी योजनेकडे, अशी विभागणी असते. फी-माफी हा शब्द फसवा आहे. त्यात तंत्रज्ञान-शुल्क, आरोग्य-शुल्क, क्रीडा-शुल्क असे किरकोळ आकार येतात का, हे तिने लेखा विभागाकडून आधी लेखी घ्यावं. नाहीतर ऑक्टोबरमध्ये सहायकाच्या नावाने बिल निघतं आणि त्या बिचाऱ्याला कळत नाही की चूक कुणाची.

कामाचे २० तास कागदावर मांडावेत. आमची सूचना: वर्गात ४, शिकवण्या ४, भाषेचं टेबल २, कार्यक्रमांसाठी सरासरी २, तयारी ६, सुपरवायझरबरोबर भेट १. झाले १९. एक तास मोकळा ठेवा, तो कशात तरी जातोच. तयारीचे तास मोजलेच नाहीत तर २० तासांची कागदी नोकरी प्रत्यक्षात ३० तासांची होते आणि त्याचे स्वतःचे कोर्स मागे पडतात. तक्रार तो करणार नाही. आपल्याकडे वरिष्ठांना ‘जमणार नाही’ म्हणायची सवय नसते, हे तिला कळेल, तिच्या सहकाऱ्यांना नाही. म्हणून ‘काही अडचण?’ असं विचारू नये, दर आठवड्याला तासांचा हिशेब मागावा.

दुसरं, नोंदणी कमी झाली म्हणून ऑगस्टमध्ये वर्ग रद्द होण्याचा धोका छोट्या कॉलेजात खरा आहे. सहायक येऊन पोचलेला आणि वर्गच नाही, ही वेळ येऊ नये म्हणून पर्यायी काम आधी ठरवा: इतिहास किंवा धर्म-अभ्यास विभागाच्या वर्गात व्याख्यानं, शहरातल्या वाचनालयात संभाषण-गट, स्वयंशिक्षणाने हिंदी शिकणाऱ्यांना सराव.

तिसरं, पहिले दहा दिवस. विमानतळावर न्यायला माणूस, खोलीत पांघरूण-उशी, फोनचं सिमकार्ड, बँकेत बरोबर जाणारं कुणीतरी, आणि सप्टेंबरच्या शेवटी थंडीचा कोट-बूट कुठे मिळतो ते दाखवणारं कुणीतरी. सोशल सिक्युरिटी क्रमांक लागणार असेल तर अमेरिकेत आल्यावर साधारण दहा दिवसांनी अर्ज करावा, त्याआधी प्रवेशाची नोंद त्यांच्या संगणकात दिसत नाही आणि हेलपाटा पडतो. प्रायोजक संस्थेने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थी-पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संगणक-प्रणालीत) कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी पक्की केली पाहिजे. राहिली तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचा. आणि वर्षाअखेर, उत्पन्न नसलं तरी करखात्याचा ८८४३ क्रमांकाचा फॉर्म भरायला आठवण करावी.

एक विनंतीही आहे. त्या मुलाला ‘भारताचा प्रतिनिधी’ करून सगळं विचारू नका. बेळगावच्या मुलाला राजस्थानच्या लग्नाबद्दल काय माहीत असणार! त्याला त्याच्या गावाबद्दल बोलू द्या: एका गल्लीत कन्नड पाटी, मराठी भजन आणि उर्दू शाळा कशी नांदते. हिंदीच्या विद्यार्थ्यांना हा भारत पुस्तकात मिळत नाही.

वर्ष संपल्यावर तिथेच नोकरी मिळवून राहता येतं का?
— बी.एड. विद्यार्थी, चिकोडी

नाही. सरकारी पैशाने गेलेल्या जे-१ धारकाला दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी, एल हे नोकरीचे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारत ‘कौशल्य यादी’तून वगळला गेला, त्यावरून ‘आता अट उठली’ असं काही जण सांगतात. ती यादी वेगळी: काही देशांतल्या ठरावीक कौशल्यांच्या लोकांना परतण्याची हीच अट त्या यादीमुळे लागते. सरकारी निधीमुळे लागणारी अट कायम आहे. पुढे एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर शिकायला किंवा पर्यटक म्हणून जाता येतं. कार्यक्रम संपल्यावर ३० दिवसांत निघायचं, त्या दिवसांत काम करता येत नाही.

माझं वय ३४. माझ्यासाठी काही वाट आहे का?
— मराठीची प्राध्यापिका, कारवार

एफएलटीएची नाही. पण अमेरिकन विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी.ला प्रवेश घेतला तर भाषा विभागात टीचिंग असिस्टंट होता येतं. एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, वयाची अट नाही. त्याहून जवळची वाट इथेच आहे. ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे मराठीचे वर्ग पुण्यात आणि कन्नडचे म्हैसूरला चालतात, तिथे अमेरिकन विद्यार्थी शिकायला येतात. पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात मराठी परभाषकांना शिकवली जाते. तिथल्या पद्धती पाहून घ्या. आणि सराव हवाच असेल तर कारवारात बदलीवर आलेली, मराठी न येणारी कन्नड, मल्याळी कुटुंबं शोधा. आठवड्याला दोन तास, सहा महिने, फक्त मराठीत बोलून शिकवा आणि प्रत्येक तासाची टिपणं ठेवा. अर्जात ‘मराठी मातृभाषा’ या दोन शब्दांपेक्षा ती वही जास्त वजनदार ठरेल.